कल्लाप्पांनी पाहिलेला पाण्यातला बाजार

बँकॉकला जाऊन नुसती देवळं बघून आलेला माणूस कोल्हापूर जिल्ह्यात एकच, आणि तो म्हणजे बिद्रीतले खताचे दुकानदार कल्लाप्पा मगदूम. हे वाचून तुम्हाला हसू आलं असेल, तर कल्लाप्पांची अडचण तुम्हाला आधीच समजली आहे.

२००४ साली एका खत कंपनीनं जास्त माल खपवणाऱ्या दुकानदारांना बँकॉकची सहल दिली. बातमी फुटल्यापासून कल्लाप्पांना गल्ल्यावर बसणं नको झालं. उसाला युरिया न्यायला आलेला माणूस पोतं राहू द्यायचा आणि डोळा मिचकावून म्हणायचा, "मालक, मालिश जपून करा हां!" कल्लाप्पा पडले जैन. कांदा-बटाटा वर्ज्य, दिवस मावळायच्या आत जेवण, आठ वाजता अंथरुणात. अशा माणसाला डोळे मिचकावून काय मिळतं लोकांना कोण जाणे.

एरवी त्यांनी हे हसून घालवलं असतं. पण मुलीचं, ऐश्वर्याचं, लग्न जुळत आलं होतं. मुलगा अभिनंदन, कोल्हापुरातल्या राजारामपुरीतला. सगळं पसंत होतं, फक्त मुलाच्या आईचा होकार अडला होता. तिला सगळे आक्का म्हणत. आक्कांना खोटं बोलणारा माणूस चालत नसे. मुलाचे वडील नेमगोंडाअण्णा यांचं बियाण्यांचं दुकान होतं, आणि आदल्या वर्षी तेही अशाच सहलीनं बँकॉकला जाऊन आले होते. "आमचं हे पाण्यातला बाजार आणि बुद्धाची देवळं बघून आलं," हे आक्का आल्यागेल्याला कौतुकानं सांगत.

"जाऊच नका की," कल्लाप्पांच्या बायकोनं, अंजनानं, सुचवलं. पण फुकट मिळालेलं सोडायचं हे काही कल्लाप्पांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी मेव्हण्याचा कॅमेरा मागून घेतला. आपणही तोच बाजार, तीच देवळं बघायची, आणि फोटो थेट आक्कांच्या पुढ्यात ठेवायचे.

तिथं पोचल्यावर गाईडनं विचारलं, उद्या बाजार आणि देवळं बघायला कोण कोण येणार? सगळ्यांनी हात वर केले. सकाळी कल्लाप्पा आंघोळ करून, दशम्यांचा डबा घेऊन लिफ्टनं खाली उतरत होते, तेव्हा बाकीचे दुकानदार तांबारलेल्या डोळ्यांनी वर निघाले होते. "मगदूम, आमच्या वाटणीचा बी नमस्कार करा," त्यातला एक म्हणाला. मोठ्या गाडीत कल्लाप्पा, गाईड आणि ड्रायव्हर, एवढेच.

बाजार बघून मात्र त्यांचं मन खरंच भरलं. त्यांना वाटलं होतं मोठं तळं असेल. निघाले अरुंद कालवे, आपल्याकडच्या उसाच्या पाटापेक्षा जरा रुंद. दोन्ही काठांना नारळ. पसरट टोप्या घातलेल्या बायका होड्यांत बसून केळी, पपनस, शहाळी विकत होत्या. होडीला होडी घासली की खेकसत होत्या, आणि ते खेकसणं थेट आपल्या मंडईतलं. एका होडीवर मांस भाजत होतं. कल्लाप्पांनी नाकाला रुमाल लावला, तोंड वळवलं आणि दशमी खाल्ली. दुपारी देवळात गेले. आडवा झोपलेला सोन्याचा बुद्ध, देवळाएवढा लांब. भिंतीलगत एकशेआठ पितळी भांडी मांडलेली, प्रत्येकात नाणं टाकत पुढं जायचं. एकशेआठ म्हटल्यावर कल्लाप्पांना घरच्यासारखं वाटलं. परक्या देवाच्या दारात त्यांनी मनातल्या मनात आपला णमोकार मंत्र म्हटला, आणि डोळ्यांत पाणी आलं. का आलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

फोटो त्यांनी पोटभर काढले. गाईड म्हणाला, तुमचा काढतो. पण मेव्हण्याचा कॅमेरा परक्याच्या हातात कोण देणार?

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मगदूम नवराबायको राजारामपुरीत हजर झाले. फोटो फिरू लागले. कल्लाप्पा रंगात आले होते. कालवे, होड्या, झोपलेला बुद्ध, काही सोडलं नाही.

आक्कांनी एक फोटो खाली ठेवला. "कालवं? बाजार समुद्रात भरतोय न्हवं? लाटा उडून भाजी भिजत्या म्हणं." मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "आणि देव झोपलेला? तुम्ही तर उभा म्हणालासा."

नेमगोंडाअण्णा छताच्या पंख्याकडं बघू लागले. पंखा बंद होता.

कल्लाप्पांच्या लक्षात सगळं आलं. सोयरीक मोडली, तर ती त्यांच्या खोटेपणानं नव्हे, खरेपणानं मोडणार होती. दाराआड अभिनंदन उभा होता. ऐश्वर्या घरी वाट बघत असणार.

"आक्का," कल्लाप्पा म्हणाले, "माफी करा. मी गेलोच न्हाय. दिसभर हाटेलात झोपून हुतो. फोटो गाईडकडनं इकत घेतलं. कालव्याचं मी मनानंच ठोकून दिलं."

"तरीच," आक्का म्हणाल्या. "एका बी फोटोत तुम्ही न्हाईसा."

मग डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाल्या, "चार माणसांत, बायकोसमोर असं कबूल करायला छाती लागती. आमच्या ह्यांच्यासारखं देवळं बघणारं सगळंच कुठनं असणार? पण माणूस खरं बोलणारा हाय. साखरपुड्याचा दिवस काढा."

चहा झाला, पोहे झाले. निघताना नेमगोंडाअण्णांनी दारात कल्लाप्पांचा हात दोन्ही हातांत धरला, आणि तो त्यांना सोडवेना.

बिद्रीच्या एस.टी.त अंजना खिडकीकडं तोंड करून बसली होती. स्टँड मागं पडला, गाव संपलं, उसाची शेतं लागली तरी ती बोलेना. शेवटी कल्लाप्पा वाकून हळूच म्हणाले, "अगं, पोरीसाठी खोटं बोललो. तुझ्या दशम्या मी होडीत बसून खाल्ल्या. बाजार बघितला, देवळं बघितली. देवाशपथ."

अंजनानं मान वळवली. डोळे लाल झाले होते.

"आवं, एकदा तरी खरं बोललासा म्हणून गप हाय मी," ती म्हणाली. "आता परत त्या देवळांचं काढू नका."