थर्मासमधला हरभरा

मंडळी, एका प्रयोगाचा खरा खर्च सांगतो: दोन मुठी हरभरा, आणि घरचा अन् दुकानातला असे दोन्ही थर्मास अडकल्यानं दोन दिवस गार चहा.

माझी लेक अक्षता नववीत आहे. मोड येताना बी श्वास घेतं आणि त्यातून ऊब निघते, हे तिला शाळेत दाखवायचंय. एका थर्मासात भिजवलेला हरभरा, दुसऱ्यात उकडलेला. दोन्हींत थर्मामीटर, तोंडाला कापूस.

"अप्पा, बी चांगलं द्या."

"आपल्या दुकानाचं बी फरशीवर टाकलं तरी उगवतंय!"

आज दुपारी दुकानातच तिनं पारा बघितला. दोन्हीकडं सारखाच.

"थर्मामीटर बिघडलं असंल," मी म्हणालो.

"दोन्ही कामून बिघडतील? तुमचं बी श्वासच घेईना झालंय."

जनवाड्याचे मल्लप्पाअण्णा पेरणीचं पोतं न्यायला उभे होते. म्हणाले, "सावकार, माझं पोतं कोणत्या थर्मासातलं?"

पोतं त्याच थप्पीतलं होतं. मी ते गुमान आत ठेवलं.

पेरणीआधी तुम्ही बी कसं तपासता, सांगा. कारण अक्षतानं कापूस काढून माझा हरभरा ताटात ओतला, तेव्हा एकाही दाण्याला मोड आलेला नव्हता.