जरा मुरू द्या

एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत एक गृहस्थ आमच्या शेजारी राहायचे. मूळचे सटाण्याकडचे. एका परदेशी इंजिनिअरनं जाताना त्यांना एका आयरिश गायकाची कॅसेट दिली होती. तो गायक गिटारवर स्वतःचीच गाणी म्हणायचा. रविवारी सकाळी टेपवर बसलेली केंद्राच्या चिमणीतली राख बाहीनं पुसून ते ती कॅसेट लावायचे. आम्ही शेजारी चहाचे कप घेऊन त्यांच्या ओट्यावर बसायचो. एक गाणं संपलं की ते टेप बंद करायचे. "जरा मुरू द्या," म्हणायचे. मग चहा संपेपर्यंत दुसरं गाणं लागायचं नाही.

त्या गाण्यांचे शब्द कुणालाच कळत नव्हते. पुढे मला त्याच गाण्यांची सीडी मिळाली, आत शब्द छापलेले. डिक्शनरी घेऊन मी त्यांच्या आवडत्या गाण्याचा अर्थ लावला. ते एका बोटीचं गाणं निघालं. कागद घेऊन मी उत्साहानं त्यांच्याकडे गेलो.

त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "नका सांगू. इतकी वर्षं तो मला आमच्या मळ्याचं सांगतोय."

कागद मी खिशात घातला. आजही ते गाणं लावलं की मला बोट दिसत नाही. सटाण्याकडचा, मी कधीच न पाहिलेला एक मळा दिसतो.