तळ्यावरचं घुबड

साखरेनं नवऱ्याची नजर नेली, तेव्हापासून पक्षी बघायचं काम माझ्याकडं आलं. मला त्याची आवड कधीच नव्हती. आठवडाभर लोहा गावच्या शाळेत शिकवताना ओरडून घसा बसायचा, घरी स्वयंपाक, त्यांचं इंजेक्शन, डोळ्यांत थेंब. रविवारी त्यांना स्कूटीवर मागं बसवून तळ्याकडं न्यायचं. ते बांधावर बसणार, मी दुर्बीण धरून सांगत राहणार.

त्या रविवारी सूर्य बुडताना पलीकडच्या आंब्यातून मोठं घुबड उठलं आणि पाण्यावरून लांब निघालं.

"शृंगी की मत्स्य घुबड?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही तपकिरी, दोन्हीच्या डोक्यावर पिसांची शिंगं. उडताना काय कळतंय?"

"पाय बघ. शृंगीच्या पायावर पार बोटांपर्यंत पिसं असतात. मत्स्यचे पाय उघडे."

"पाय पोटाखाली घेतलेत त्यानं! अहो, मला न्हाई कळत. मी लई थकलेय."

एवढं मी बोलून गेले. हे मी आजवर कधी बोलले नव्हते. त्यांनी मान खाली घातली. मला वाईटही वाटलं नाही, नुसतं तिथंच गवतावर आडवं व्हावंसं वाटलं.

जरा वेळानं ते काठी चाचपत उठायला लागले. तेवढ्यात घुबड परतलं आणि आमच्या डोक्यावरून गेलं. त्यांनी माझं मनगट पकडलं.

"ऐकलंस?"

मी ऐकलं होतं. ओलं कापड झटकावं तसा आवाज.

"मत्स्य घुबड," ते म्हणाले. "त्याचे पंख वाजतात. शृंगी डोक्यावरून गेलं तरी पत्ता लागत न्हाई. पुस्तकात वाचलं होतं, पण बघायच्या नादात कधी कान दिला न्हाई."

गाडीवर बसल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "पुढच्या रविवारी तू येऊ नको. बँकेतल्या दोस्ताला सांगतो. तू झोप."

"त्यांना पक्ष्यातलं काय कळतं?"

"न्हाई कळत. नुसतं तळ्यावर बसवून आणंल. मी ऐकंन."

पुढच्या रविवारी दोघं गेले. मी दुपारी पडले ती दिवेलागणीलाच उठले. दारात दोस्ताचा आवाज आला, "वहिनी, याला घ्या बरं, चिखलात पडलाय." पँट गुडघ्यापर्यंत भरली होती आणि ते हसत होते. मी बादलीत पाणी काढलं. बऱ्याच महिन्यांनी अंग दुखत नव्हतं.