अकिकाचं पातं

शहागंजच्या बाजारात खडे घासताना येणारा ओल्या दगडाचा वास आला, की मला अब्बा आठवतात. अंगठ्यांचे खडे घडवायचे ते. एका संध्याकाळी त्यांनी नांगरटीत सापडलेलं अकिकाचं, म्हणजे खड्यांच्याच दगडाचं, पातं माझ्या तळहातावर ठेवलं. आदिमानवाच्या बाणाचं होतं. धार शाबूत होती, टोक मात्र मोडलेलं.

"ती माणसं हे डिंकानं काठीला बसवायची," अब्बा म्हणाले. "टोक हरणाच्या हाडावर मोडलं असंल."

"मग हरीण?"

"पळालं असंल. शिकाऱ्याची लेकरं घरी वाट बघत असतील."

हरीण वाचलं म्हणून मी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी अब्बांच्या बाजाराच्या पिशवीतून तेवढं पातंच निघालं होतं आणि अम्मीनं चूल पेटवली नव्हती, हे मला आता आठवतं.