हिवाळा चहा घेऊन गेला

स्वेटरकाका पुस्तकं बांधायचे. दुकान घराच्याच पुढच्या खोलीला लागून. खळीचा वास, कागद कापायचं यंत्र, कोपऱ्यात कातरणाचं पोतं आणि मधोमध काका, तपकिरी स्वेटरमध्ये. स्वेटर कोपरांवर फाटला होता. पोटावर खळ वाळून त्याचा पुठ्ठा झाला होता. थंडीच्या पहिल्या दिवशी तो अंगावर चढायचा. उतरायचा कधी, ते काका ठरवायचे. एकदा त्यांनी तो लवकर काढला आणि न्यूमोनिया ओढवून घेतला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. काका पाणीसुद्धा फुंकून पीत.

त्या वर्षी झाडांना पालवी फुटली. शेजाऱ्यांनी पंखे पुसले. काका होते तसेच.

"रविवारी त्याचे आईवडील येतायत," लेक म्हणाली. तिनं तिचं जमवलं होतं. उरला होता दोन्ही घरांचा एकत्र चहा. "बाबा, तुम्ही या स्वेटरात बाहेर बसणार असाल, तर मी सांगेन, बाबा गावाला गेलेत."

एकुलत्या एका लेकीच्या चहाला बाप स्वयंपाकघरात लपणार? पण हिवाळा असताना स्वेटर काढायचा, म्हणजे आपणहून मरणाला आवतण.

त्याच आठवड्यात दुकानात एक पुस्तक बांधायला आलं होतं. कुठकुठले लोक हिवाळ्याला कसे घालवतात, त्याचं. काका बांधायची पुस्तकं वाचत नसत. हलवायाला मिठाईचं काय कौतुक? हे मात्र त्यांनी फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, लावता लावता वाचलं.

"आपलं चुकतंय कुठं ते कळलं," ते जेवताना म्हणाले. "आपण हिवाळ्याला जा म्हणून सांगतच नाही. मग तो कसा जाणार? एका देशात लोक केसाळ कातडी पांघरतात, कमरेला घंटा बांधतात आणि गावभर नाचतात. हिवाळा घाबरून पळतो."

"वरच्या आजी दुपारच्या झोपतात," काकू म्हणाल्या. "घंटा नकोत."

"एकीकडे बाप राक्षसाचा मुखवटा घालतो. घरचे त्याला भाजलेले दाणे फेकून मारतात."

"हे बरंय," काकू म्हणाल्या. लेक दाण्यांचा डबा काढायला उठलीसुद्धा.

काका घाईनं पुढं गेले. "आणखी एका ठिकाणी बिळातल्या जनावराला बाहेर काढतात. त्याला स्वतःची सावली दिसली, की हिवाळा अजून सहा आठवडे."

"अहो, जनावर कुठून आणायचं?"

काकांनी हात धुतला, दुकानाच्या अंधारातून उंबऱ्याबाहेर आले. लख्ख ऊन होतं. क्षणभर ते पायाशी बघत उभे राहिले, मग आले तसे आत गेले.

"सहा आठवडे," म्हणाले.

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

पण काकांना रविवारची धास्ती होतीच. त्यांनी सगळे देश पुन्हा तोलून पाहिले. घंटावाले आरडाओरड करणारे. दाणेवाले पोरकट. जनावरवाले सगळं नशिबावर सोडणारे. त्यात पक्कं काम गवताच्या बाहुलीचं. बाहुली म्हणजेच हिवाळा. तिला घरातले सगळ्यांत जुने लोकरी कपडे चढवावेत आणि, असं म्हणून पान संपत होतं. पुढच्या पानाच्या सुरुवातीला होतं: घरात आणून सगळ्यांत चांगल्या जागी बसवावी, येणाऱ्यानं तिला आधी नमस्कार करावा.

"एवढ्यानं हिवाळा जातो?" काकूंनी विचारलं.

"छापलंय."

खरं तर बाहुलीला नदीत बुडवायचं होतं. नमस्कार होता तो पुढच्या प्रकरणातल्या हिरव्या डहाळीला. ती वसंत म्हणून घरी आणतात. काकांनी दोन फर्म्यांची अदलाबदल केली होती. आयुष्यात पहिल्यांदाच. फर्मे लावताना वाचू नये, ते यासाठीच.

रविवारी त्यांनी गवताऐवजी कातरण घेतलं. पोत्यातून माणूस उभा केला, हातांना लाकडी पट्ट्या घातल्या. डोक्याला कानटोपी, गळ्याला मफलर. मग एक मोठा श्वास घेऊन स्वेटर काढला. मायलेकी दाराआड श्वास रोखून उभ्या होत्या. स्वेटर बाहुलीला गेला, बाहुली आरामखुर्चीत गेली. काका नुसत्या बनियनवर, पुठ्ठा निखळलेल्या पुस्तकासारखे, इस्त्रीचा शर्ट शोधायला आत पळाले.

तेवढ्यात बेल वाजली. पाहुणे वेळेआधीच आले.

मुलाच्या वडिलांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा होता. ते थेट आरामखुर्चीकडे गेले.

"नमस्कार. नाही, नाही, उठू नका."

बाहुली उठली नाही. ते शेजारी बसले. मुलाची आई दारातच काकूंशी बोलत राहिली.

"आमचा मुलगा जरा हट्टी आहे बरं का," ते म्हणाले. थोडं थांबले. "माझ्यावर गेलाय. तुम्ही ऐकून घेता, बरं वाटतं. आमच्या घरी मला कुणी वाक्य पुरं करू देत नाही."

आत काकांना शब्द न् शब्द ऐकू येत होता. लेकीच्या सासऱ्याशी बोलायला त्यांनी आठवडाभर वाक्यं जुळवली होती. आणि बापाची जागा कातरणानं बळकावली. शर्ट एका बाहीत अडकला होता. तो तसाच फेकून ते बनियनवर बाहेर आले.

"मी तिचा बाप," ते म्हणाले.

पाहुण्यांनी चष्मा वर केला. काकांकडे पाहिलं. मग खुर्चीतल्या गृहस्थांचा हात हळूच दाबून पाहिला. बाहीतून मूठभर कातरण सांडलं.

"मग हे कोण?"

"हा हिवाळा," लेक कशीबशी म्हणाली. "निघालाच होता."

पाहुण्यांनी जरा विचार केला.

"मग चहा घेऊनच जाऊ दे की."

काका समोरच्या स्टुलावर बसले. दार सताड उघडं होतं, वारा सरळ आत येत होता.

"तुम्हाला थंडी नाही वाजत?" मुलाच्या आईनं विचारलं.

"कशी वाजेल," काका म्हणाले. "तो बसलाय ना तिकडं."

काकूंनी एक कप जास्तीचा आणला. तो मुलाच्या वडिलांनी प्यायला.