फॉरेनची हळद

आता हसायचं नाही हं, आधीच सांगते!

परदेशात रसायनशास्त्र शिकून मी मुलुंडला परतले ती देश घडवायचाच, या तयारीने. सुरुवात आमच्या सोसायटीपासून! मुलांच्या प्रयोगशाळेसाठी कॅरमची खोली मागितली.

सेक्रेटरी सावंतकाका म्हणाले, "गणपतीत भाषण दे. लोक उठून गेले नाहीत, तर खोली तुझी."

विषय माझा लाडका, सबऑक्साइड. म्हणजे ज्यांत ऑक्सिजन नेहमीपेक्षा कमी असतो अशी संयुगं. बल्बच्या तारेचा धातू असतो ना, टंगस्टन? त्याचा ऑक्साइड पिवळाधमक. त्यातला थोडा ऑक्सिजन काढून घेतला की चक्क निळा! स्टेजवर हेच करून दाखवायचं होतं. पावडर परदेशी बाटलीत होती. पण आमचा स्वदेशी बाणा! मी ती आईच्या स्टीलच्या वाटीत ओतली आणि टेबलावर ठेवली.

टेबलावर तशीच आणखी एक वाटी होती. सावंतकाकू कार्यक्रमाआधी सगळ्या बायकांना हळदीकुंकू लावत होत्या. आलं ना लक्षात?

माझ्या नाही आलं! मी उत्साहात वाटी उचलली, पावडर काचेच्या नळीत भरली, ऑक्सिजन ओढून घ्यायला हायड्रोजन सोडला, खाली स्पिरिटचा दिवा लावला.

"पाहा, आता निळा रंग येईल!"

आला तपकिरी. मग काळा. थोडा ऑक्सिजन काढायचा होता, मी कोळसाच करून ठेवला! आणि वास?

"ए, फोडणी करपली रे!" मागून कोणीतरी ओरडलं.

"मोहरी घालायची राहिली ना!" दुसरा.

पहिल्या रांगेतून आई किंचाळली, "कार्टे, ती हळद आहे!"

मग माझी पावडर कुठे गेली? समोर पाहते तर काय, सगळ्या बायकांच्या कपाळावर टंगस्टन!

"काकू, पुसा ते! हळद नाहीये ती!"

"गो बाये! विषारी आसा काय?"

"तसं नाही, पण मी परदेशातून आणलेली..."

"फॉरेनची?" काकूंचा कपाळाकडे गेलेला हात खाली आला. "मगे रवांदे गो!"

एकीनेही पुसली नाही.

सावंतकाका हसून हसून डोळे पुसत उठले. "एवढा वेळ एक माणूस जागचा हलला नाही. खोली तुझी, पोरी!"

पहिल्या रविवारी मी ऐटीत प्रयोगशाळेचं दार उघडलं. टेबलावर स्टीलच्या दोन वाट्या. आईने सकाळीच आणून ठेवलेल्या, वर चिठ्ठ्या चिकटवून.

एकीवर 'हळद'. दुसरीवर 'हळद नाही'.