हेल्मेटचे पाच फोटो

माझी मुलगी कबड्डी खेळते. तिचे फोटो मोबाईलवर नुसते हललेले येतात, म्हणून धड कॅमेरा हवा होता. नवा परवडणारा नव्हता. जुन्याची जाहिरात बघून नाशिक रोड स्टेशनबाहेरच्या टपरीवर एका माणसाला भेटलो. साठीकडे झुकलेला, कॅमेरा टॉवेलात गुंडाळून आणलेला.

लेन्स दाखवायला त्याने बाकड्यावरच्या माझ्या हेल्मेटचे फोटो काढले. चारही बाजूंनी एकेक, मग अगदी वरून एक. हाताला घाई म्हणून नव्हती. फोटो लख्ख आले.

मी विचारलं, "पळणाऱ्या पोरींवर फोकस पकडतो का?"

तो लेन्स पुसत राहिला. "खोटं कशाला बोलू साहेब? मला नाही माहीत. पोलीस बोलवायचे, तेव्हा जायचो. रुळांवर, हायवेला, कधी विहिरीवर. ह्याच्यापुढे कुणी कधी हललंच नाही."

मी हेल्मेट उचलून मांडीवर घेतलं.

"मग आता विकताय का?"

"झोपलेल्या नातीचा फोटो काढला मागे. बघितला आणि लगेच डिलीट केला."

मग तोच म्हणाला, "बघू तरी," आणि कॅमेरा माझ्यावर रोखला. फोटो म्हटल्यावर सवयीने मी ताठ उभा राहिलो, श्वाससुद्धा धरला. बराच वेळ क्लिक होईना.

शेवटी कॅमेऱ्याआडून त्याचा आवाज आला, बारीक, विनवणीचा.

"साहेब, जरा हला ना."